दूरची घरे : स्कॉटलंडच्या डोंगरातील मेंढपाळ

आमच्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र लहान, पण बोचरे. त्या लिहितात : ‘‘राजवाडे, किल्ले आणि दरबार यांविषयी तुम्ही पुष्कळ सांगितलेत. ज्या व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये आमच्या आजेसासूबाईंनी जुनेऱ्याच्या गाठीत बांधून ठेवले होते, त्या राणीच्या स्वतःच्या मुलखात गरिबाघरची बाई चूल कशी पेटवीत होती, हे एकदा सांगाल का?’’

प्रश्न रास्त होता, आणि आम्ही थोडे ओशाळलोही. साहेबाचे राज्य आपल्या वाडवडिलांनी पाहिले ते कलेक्टर, रेसिडेंट आणि पलटणी यांच्या रूपाने. साहेबाच्या देशातही चुलीत फुंकर घालणारी, पीठ पुरवून पुरवून वापरणारी, मालकाच्या मर्जीवर छप्पर टिकवून धरणारी माणसे होती, ही गोष्ट आपल्या ध्यानी सहसा येत नाही. तेव्हा या खेपेस आम्ही वाचकांना स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवर, एट्रिक आणि यारो या नद्यांच्या खोऱ्यांत, एका मेंढपाळाच्या घरी नेतो. मेंढपाळच का, असे कोणी विचारील, तर होळकरांच्या इंदुरात तरी तो प्रश्न उठू नये. मल्हाररावांचे घराणे धनगराचे, हे येथील शाळकरी पोरही जाणते.

परंतु आपला धनगर आणि तो मेंढपाळ यांत एक मोठा भेद आहे, तो आधीच सांगितला पाहिजे. आपला धनगर मेंढरे घेऊन हिंडतो; पाऊसपाणी पाहून त्याचा वाडा आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात. सरहद्दीवरचा मेंढपाळ मात्र एका डोंगराला बांधलेला. जमीन कोणा सरदाराची, ती खंडाने घेतलेली एखाद्या मोठ्या शेतकऱ्याने, मेंढ्या त्या शेतकऱ्याच्या, आणि मेंढपाळ हा त्याचा सालदार. एका मेंढपाळाकडे साधारणपणे चारशे ते सहाशे मेंढ्या आणि त्या चरतील एवढा डोंगर सोपविलेला असे. त्या कळपाला आणि त्या भूभागाला मिळून तिकडे ‘हर्सेल’ असा एकच शब्द आहे. जनावर आणि जमीन यांना एका शब्दात गुंफणारी ती भाषा आम्हांला मोठी सूचक वाटते. कारण त्या मेंढ्याही आपापल्या जागेला खिळलेल्या असत. कुंपण नाही, भिंत नाही, तरी अमुक ओढ्यापासून तमुक खांदापर्यंतचा उतार आपला, हे मेंढी आपल्या आईमागून हिंडताना कोकरूपणीच शिके आणि पुढे आपल्या कोकराला शिकवी. जमीन एका खंडकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली, तरी कळप डोंगरावरच राही. नवा येणारा तो किंमत करून आपल्याकडे घेई. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपणांस शेवटी वळावयाचे आहे.

आता घर. गावापासून दोन-चार मैल आत, नाल्याच्या काठी, दगडी भिंतींचे ठेंगणे घर. शतकाच्या आरंभी त्यावर गवत वा हेदर नावाच्या डोंगरी झुडुपाचे शाकार असे. पुढे पुढे पाटीच्या दगडाची छपरे आली. आत बहुधा दोनच खोल्या. एक राबती, म्हणजे स्वयंपाक, जेवण, बैठक आणि झोप यांची. दुसरी जरा बरी, पाहुण्याची आणि आजाऱ्याची. दोन खोल्यांत आठ-दहा माणसे म्हणजे दारिद्र्याची परिसीमा, असे मानू नये. १८६१ सालच्या शिरगणतीप्रमाणे स्कॉटलंडमधील निम्म्याहून अधिक माणसे एका वा दोन खोल्यांच्याच घरांत राहत होती. जागा पुरविण्याची युक्ती म्हणजे कपाटासारखे पलंग. लाकडी फळ्यांनी चहूंकडून बंद केलेला, पुढे सरकते दार वा पडदा असलेला हा पलंग दोन खोल्यांमधील भिंतीचेही काम करी. थंडीत ऊब, आणि एवढ्याशा घरात नवराबायकोला तेवढाच आडोसा.

चुलीविषयी विचारणा होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. लाकूड त्या उघड्या डोंगरांवर दुर्मिळ. कोळसा दुरून गाडीने आणावयाचा, म्हणजे पैसा मोजावयाचा. म्हणून जळण म्हणजे पीट. दलदलीच्या जागी शतकानुशतके कुजून दबलेल्या शेवाळाचे आणि गवताचे ते काळे, मातकट थर असतात. वसंताच्या शेवटी लांब पात्याच्या कुदळीने त्यांच्या विटा कापावयाच्या, उन्हावाऱ्यात उभ्या रचून वाळवावयाच्या आणि घराशेजारी त्यांची गंज लावावयाची. आपल्याकडे गोवऱ्यांचा हुडवा रचतात, तसेच ते काम. बायका आणि मुले त्यात अर्ध्याहून अधिक वाटा उचलीत. हे जळण भडकत नाही, मंद धुमसते, आणि त्याचा धूर घराच्या कपड्यालत्त्याला कायमचा चिकटतो. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे आणि पहाटे उकरून पुन्हा फुलवावयाचे. आमच्या आजीनेही हेच केलेले आम्हांला आठवते. फरक एवढाच, की तिची राख गोवरीची होती.

या आगीवर भिंतीतून निघालेला लोखंडी दांडा आडवा फिरे. त्याला साखळीने टांगलेले तीन पायांचे भांडे, आणि भाकरीसाठी कडीचा सपाट लोखंडी तवा. धान्य एकच, ओट. सकाळी ओटच्या पिठाची दाट पेज दुधाबरोबर, दुपारी कोबीच्या जातीच्या पाल्याचे आणि जवाचे कढण, त्याबरोबर बटाटे, आणि तव्यावरची ओटची कोरडी भाकरी. पीठ मोठ्या लाकडी पेटीत दाबून दाबून भरलेले असे. त्या पेटीची उंची पाहून गृहिणी वर्षाचा अंदाज बांधी. गाय घरची, म्हणून दूध, लोणी आणि चीज होते. डुकराचे मांस खारवून आढ्याला टांगलेले असे. आणि एवढ्या मेंढ्यांच्या रगाड्यात मेंढीचे मांस? ते मिळे, पण मेलेल्या मेंढीचे! शरद ऋतूत हिमाने गारठलेले गवत खाऊन कोवळ्या मेंढ्यांना पोटाचा एक झटपट रोग होई. संध्याकाळी धडधाकट असलेली मेंढी सकाळी मरून पडलेली सापडे. तिकडे त्यास ‘ब्रॅक्सी’ म्हणतात. अशी मेंढी बाजारात विकता येत नसे, म्हणून ती मेंढपाळाला मिळे. खारवून ती हिवाळाभर पुरवीत. मालकाच्या नुकसानीतून नोकराच्या ताटात मांस, असा हा विलक्षण हिशेब होता.

मजुरीचा हिशेबही असाच ऐकण्याजोगा. सरहद्दीवरच्या पुष्कळ मेंढपाळांना व्हिक्टोरिया राणीच्या काळात रोख पगार जवळजवळ नसेच. त्याऐवजी घर, एका-दोन गाईंची चराई, ठरावीक ओटचे पीठ, बटाट्यासाठी जमिनीचा तुकडा, आणि मालकाच्या कळपातच चाळीस-पन्नास स्वतःच्या मेंढ्या राखण्याचा हक्क. त्यांची कोकरे आणि लोकर विकून जे येईल तो त्याचा पैसा. ही पद्धत ज्याने काढली त्याला माणसाचे मन कळत असावे. आपल्या पन्नास मेंढ्या मालकाच्या पाचशेंत मिसळलेल्या असल्या, म्हणजे बर्फाच्या रात्री अंथरुणातून उठण्यास वेगळ्या हुकुमाची गरज उरत नाही. मात्र वर्ष वाईट गेले, की मालकाइतकाच नोकरही बुडे. आणि मालकाला बँक होती, नोकराला पिठाची पेटी.

या करारात नाव पुरुषाचे, पण राबणूक दोघांची. गाय पिळणे, लोणी काढणे, कोंबड्या, डुकरे, पीट, बटाटे हे सारे घरधनिणीकडे. कातरणीच्या दिवशी वीस-पंचवीस माणसांचे जेवण तिच्याकडे. लोकर पिंजणे, कातणे आणि मोजे विणणे हे रात्रीचे. कापडाच्या गिरण्या गॅलाशील्स आणि हॉइक येथे धडाडू लागल्यावर घरचे सूत मागे पडले, पण हातातील विणकामाच्या सुया काही सुटल्या नाहीत. शेजारीण म्हणावी तर डोंगरापलीकडे. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे परक्या माणसाचे तोंड दिसत नसे. बाळंतपण त्या काळात आले, तर सुईण पोचेतो काय होईल ते देवाच्या हाती. अशा घरांतून मुले आठ-दहा होत, आणि सगळीच वाढत असे नाही.

वर्षाचा खरा कस लागे तो एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. तो विण्याचा हंगाम. पाचशे मेंढ्या, महिन्याभराच्या आत, उघड्या डोंगरावर, आणि हवा अशी, की दुपारी ऊन तर रात्री बर्फाचे शिंतोडे. मेंढपाळ उजाडण्यापूर्वी निघे तो अंधार पडल्यावर परते. खांद्यावर काळ्यापांढऱ्या बारीक चौकड्यांची लोकरीची शाल. तिचे नाव ‘मॉड’. तिचा एक कोपरा शिवून खिशासारखा केलेला असे, आणि त्यात गारठलेले कोकरू घालून घरी आणीत. आपली घोंगडी पावसात खोळ होते, तशी त्यांची शाल झोळी होई. घरी आणलेले कोकरू चुलीपुढे पोत्यावर ठेवावयाचे, कोमट दूध चमच्याने पाजावयाचे, जमल्यास व्हिस्कीचा थेंबही. एका वेळी चार-पाच कोकरे चुलीपुढे पडली आहेत, त्यांच्यावरून पाऊल टाकीत बाई पेज ढवळते आहे, आणि पाळण्यातले मूल रडते आहे, असे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे.

एक युक्ती ऐकून आम्हांला प्रथम शहारे आले होते. एका मेंढीचे कोकरू मेले आणि दुसऱ्या कोकराची आई मेली, तर मेलेल्या कोकराचे कातडे काढून ते पोरक्या कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखे चढवीत. मेंढी वास घेते, आपलेच समजून पाजू लागते. दोन-तीन दिवसांनी कातडे काढून टाकले तरी चालते. तोवर दुधाचे नाते जुळलेले असते.

जुलैत कातरणी. एका मेंढपाळाने एवढी मेंढरे कातरणे अशक्य. म्हणून साऱ्या खोऱ्यातील मेंढपाळ आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे जमत. पैसा द्यावयाचा नाही, जेवण द्यावयाचे आणि आपल्या पाळीला जावयाचे. ही तर आपली इर्जिक! शब्द तेवढा निराळा. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र अगदी निराळे काम, आणि मोठे घाणेरडे. डांबर आणि लोणी एकत्र कालवून ते मेंढीच्या अंगाला, लोकरीचा भांग पाडपाडून, बोटाने चोळावयाचे; किडीपासून आणि पावसापासून रक्षण म्हणून. एका माणसाच्या हातून दिवसाकाठी वीस-पंचवीस मेंढ्या होत, म्हणजे पाचशेंचा हिशेब वाचकांनीच करावा. पत्नी त्या दिवसांत नवऱ्याचे कपडे घराबाहेरच उतरवून घेत असली तर नवल नाही. विल्यम कूपर या पशुवैद्याने १८५२ साली सोमल आणि गंधकाची पूड काढली. ती पाण्यात मिसळून मेंढीला बुचकळण्याची पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली, आणि डांबराचा हंगाम शतकाअखेर मागे पडला. डांबर लागलेल्या लोकरीला भावही कमी येई, हेही त्याचे एक कारण.

हिवाळ्याचे भय कोणत्याही म्हाताऱ्याच्या तोंडी १७९४ च्या जानेवारीचे. त्या वादळात सतरा मेंढपाळ दगावले, असे जेम्स हॉगने लिहून ठेवले आहे. हा हॉग स्वतः एट्रिकचा मेंढपाळ आणि पुढे नामांकित लेखक, १८३५ साली वारला. बर्फात मेंढ्या गाडल्या जाऊ नयेत म्हणून डोंगरावर दगडांची गोल, बिनछपरी आवारे बांधण्यावर त्या खोऱ्यातील लॉर्ड नेपिअर यांनी १८२२ साली पुस्तकच लिहिले. वाचकांना गंमत वाटेल ती पुढेच. याच लॉर्डांचे चिरंजीव फ्रान्सिस नेपिअर हे १८६६ ते १८७२ मद्रासचे गव्हर्नर होते, आणि लॉर्ड मेयो यांचा १८७२ साली अंदमानात खून झाल्यानंतर काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही. घरी परतल्यावर हायलंडमधील गरीब कुळांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या १८८३ च्या कमिशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले, आणि त्यातून १८८६ साली त्या कुळांना जमिनीची शाश्वती देणारा कायदा झाला. शाश्वती मिळाली ती कुळांना. मेंढपाळ हा कूळ नव्हे, चाकर. त्याला त्या कायद्याचा उपयोग नव्हता.

कुत्र्यावाचून हे घर पुरे होत नाही. कॉली जातीची एक-दोन कुत्री प्रत्येकाकडे असतच, आणि एक चांगला कुत्रा दहा माणसांचे काम करी. हॉगच्या एका कुत्र्याने मध्यरात्री तीन दिशांना उधळलेली सातशे कोकरे पहाटेपर्यंत एकट्याने एका घळीत गोळा करून ठेवली होती, अशी त्याचीच हकीकत आहे. कुत्री रविवारी धन्याबरोबर देवळातही जात आणि बाकाखाली निजत. सरकारने १८६७ साली कुत्र्यांवर पाच शिलिंगांचा परवाना बसविला. १८७८ साली तो साडेसात शिलिंग केला, तेव्हा केवळ मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना माफी दिली. राणीनेही बालमोरलला ‘शार्प’ आणि ‘नोबल’ नावाची कॉली कुत्री बाळगली होती, आणि ती आसपासच्या गरिबांच्या झोपड्यांतून जात-येत असे. पण परवाना माफ होण्याची निकड तिला नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी आम्हांला या घराचा खरा लोभ आहे, ती सांगतो. हे घर वाचणारे होते. दोन मैलांवर शेजारी नाही, शाळा सहा मैलांवर. तरी अक्षर न येणारा मेंढपाळ विरळा. रात्री जेवणानंतर बापाने बायबल उघडावे, स्तोत्र म्हणावे, मुलांनी ऐकावे, ही त्यांची शुभंकरोति आणि परवचा. कोठे तीन-चार घरे मिळून हिवाळ्यापुरता एखादा तरुण पंतोजी ठेवीत. तो आठवडाभर या घरी, आठवडाभर त्या घरी जेवे आणि निजे, आणि तेथेच शिकवी. आणि कोठे पंतोजीही नसे. अलेक्झांडर मरे हा गॅलोवेमधील एका मेंढपाळाचा मुलगा, जन्म १७७५ चा. बापाने प्रश्नोत्तरांचे एक लहानसे धर्मपुस्तक आणले. परंतु ते पवित्र, रोज हाताळून मळवावयाचे नाही. मग म्हाताऱ्याने हेदरची काडी चुलीत जाळली आणि लोकर पिंजण्याच्या जुन्या फणीच्या पाठीवर तिच्या कोळशाने मुलाला अक्षरे काढून दिली. हा मुलगा पुढे १८१२ साली एडिंबरो विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी जन्मलेला जॉन लेडन, डेनहोमजवळच्या मेंढपाळाचा मुलगा, त्याला अक्षरओळख करून दिली त्याच्या आजीने. तो १८०३ साली मद्रासेस आला, पुढे कलकत्त्यास गेला, आशियाच्या अनेक भाषा शिकला, बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतर करू लागला, आणि ते पुरे होण्यापूर्वी १८११ साली जावा बेटात मरण पावला. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते डॉ. जॉन विल्सन हेही याच मुलखातील लॉडर गावच्या शेतकरी घराण्यातले; त्यांनी मराठीचे पहिले धडे १८२९ साली आपल्या कोकणकिनाऱ्यावर गिरविले. ही तिन्ही मुले राणी गादीवर येण्यापूर्वीची, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घराने ती घडविली ते घर पुढेही पन्नास-साठ वर्षे तसेच होते.

आणखी एक विद्या त्या घरात होती, आणि ती पुस्तकात नव्हती. हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हिला सरहद्दीचे जुने पोवाडे शेकड्यांनी पाठ. सर वॉल्टर स्कॉट १८०२ साली ते ऐकण्यास तिच्या घरी आले. आपण छापलेला संग्रह त्यांनी दाखविला. बाईने तो पाहून स्पष्ट सांगितले, की ही गाणी म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापून बिघडविलीत, आता ती कोणी म्हणणार नाही. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा हसलो होतो. पुढे आमच्याच घरी नातवंडांना जात्यावरच्या ओव्या पुस्तकातून वाचून दाखविण्याची पाळी आली, तेव्हा ते हसू कोठल्या कोठे गेले.

१८७२ साली स्कॉटलंडात शिक्षणाचा कायदा झाला. पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची. चांगलेच झाले, त्याबद्दल दुमत नसावे. मुली शिकल्या, डोंगरातली मुले गावात बिऱ्हाड करून वा नातेवाइकांकडे राहून शाळेत जाऊ लागली. परंतु शाळेची भाषा शुद्ध इंग्रजी, आणि घरची स्कॉट्स. उत्तरेच्या हायलंडमध्ये तर घरची गेलिक, जिचा त्या कायद्यात उल्लेखसुद्धा नव्हता. मूल आईच्या शब्दात उत्तर देई, आणि मास्तर ते चूक ठरवी. शाळेतून घरी आलेले मूल आईच्या बोलण्याला हसले, तर त्या आईला काय वाटले असेल? मध्य प्रदेशात वा गुजरातेत मुले वाढविलेल्या आमच्या वाचकभगिनींना हे आम्ही समजावून सांगावे, अशी गरज नाही. तरी एक वेगळेपण नोंदले पाहिजे. मेंढ्या, हवा, डोंगराचे चढउतार, कुत्र्याला द्यावयाच्या हाका यांसाठी इंग्रजीत शब्दच नव्हते. म्हणून डोंगरावर स्कॉट्स टिकली. कामाने जिचा हात सोडला नाही, ती भाषा तग धरून राहिली.

अशा एका खऱ्या मेंढपाळाची ओळख हवी असेल, तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने एडिंबरोजवळच्या पेंटलंड डोंगरातील जॉन टॉडविषयी लिहिलेला निबंध वाचावा. तो १८८७ च्या त्याच्या पुस्तकात आहे. लेखकाच्या वडिलांनी १८६७ पासून तेथील स्वॉन्स्टन गावी उन्हाळ्यासाठी घर घेतले होते. मेंढ्यांत घुसणाऱ्या शहरी पोराला म्हाताऱ्याने प्रथम डोंगरभर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या, आणि पुढे दोघांची अशी गट्टी जमली, की त्या म्हाताऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी हा पोर त्याच्या मागोमाग फिरू लागला. तेथे एका अट्टल कुत्र्याची गोष्ट आहे : दूर जाऊन परक्यांच्या मेंढ्या मारावयाच्या, आणि घरी परतण्यापूर्वी डबक्यात बुडी मारून रक्त धुऊन टाकावयाचे! मेंढपाळाने ते पाहिले, आणि कुत्र्याचे दिवस भरले.

काळ मात्र पालटत होता. उत्तरेत, सदरलंड परगण्यात, शतकाच्या आरंभी हजारो कुळांना घरांतून काढून त्या जागी मेंढ्या आणल्या होत्या, आणि त्या राखण्यास मेंढपाळ नेले होते ते याच सरहद्दीवरून. एकाच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याला भाकरी, असा तो प्रकार. तेथील लोकांनी या मेंढपाळांना आपले मानले नाही, यात आश्चर्य नाही. अमेरिकेतील यादवीच्या काळी, १८६१ ते १८६५, कापूस तुटला. त्या वर्षांत मुंबईला कापसाने सोने दाखविले, तसे स्कॉटलंडला लोकरीने. पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर जहाजे भरभरून येऊ लागली आणि भाव उतरले. १८८२ च्या मे महिन्यात ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला लागले. त्या मेंढ्या राखणाऱ्यांत स्कॉटलंडच्याच मेंढपाळांची मुले होती, हा दैवदुर्विलास. थोरल्याने बापाचा डोंगर घ्यावयाचा आणि धाकट्यांनी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा पॅटागोनिया गाठावयाचे, असे कित्येक घरांत ठरूनच गेले होते. आईला वर्षातून एखादे पत्र येई. ते ती स्वतः वाचू शके, हे भाग्य त्या काळच्या आपल्या फार थोड्या आयांना होते.

लँडसीअर या चित्रकाराचे एक चित्र फार गाजले. राणी गादीवर आली त्याच वर्षीचे, १८३७ चे; लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते ठेवलेले आहे. ओकेबोके घर, मध्ये म्हाताऱ्या मेंढपाळाची शवपेटी, तीवर त्याची शाल, आणि त्या शालीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा. बायबलवर चष्मा, जमिनीवर काठी आणि टोपी. चित्र पाहून लोक कुत्र्यासाठी रडले. आम्ही त्या चित्राची प्रत पाहिली, तेव्हा आमच्या मनात निराळाच प्रश्न आला : हा म्हातारा एकटा नसता, त्याच्यामागे बायको असती, तर ती कोठे गेली असती?

कारण घर मेंढपाळाचे नव्हते. ते नोकरीबरोबर येई आणि नोकरीबरोबर जाई. करार वर्षाचा, मे महिन्यातील ठरल्या दिवशी सुरू होणारा आणि त्याच दिवशी संपणारा. चांगले मेंढपाळ एकाच डोंगरावर वीस-तीस वर्षे काढीत. पण गुडघे थकले, छातीत कफ साठला, उन्हाळी मालक बदलला, की त्या मे महिन्यात घर रिकामे करावयाचे. विधवेलाही तोच नियम. कोणी मालक एखादी खोली देई, कोणी न देई. मुलगा हाताशी आलेला असला, तर तो डोंगर सांभाळी आणि आईची चूल तेथेच राही. नसला, तर आपल्या पन्नास मेंढ्या विकून आलेल्या पैशात गावी भाड्याची खोली. पैसा संपला, की १८४५ च्या गरीब-कायद्याखाली पॅरिशच्या मंडळापुढे उभे राहावयाचे. आणि आयुष्यभर कोणाच्या दारी न गेलेल्या त्या बाया शक्यतो तेथे जात नसत. सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग देणारे सरकारी निवृत्तिवेतन १९०९ च्या जानेवारीपासून सुरू झाले. राणी तोवर वारून आठ वर्षे झाली होती.

घर सोडण्याच्या त्या दिवशी शेतावरची गाडी दाराशी येई. कपाटासारखे पलंग भिंतीतून सुटे करून आधी चढवीत. मग पिठाची पेटी, घड्याळ, तवा, भांडी, कोंबड्यांची खुराडी, सर्वांत वर धाकटी मुले. गाय मागे बांधलेली. तो विण्याच्या हंगामाचा शेवट, म्हणजे ज्या कोकरांना याच चुलीपुढे ऊब मिळाली ती डोंगरावर आईमागे धावत असणार. त्या मेंढ्यांना मात्र कोठे जावयाचे नव्हते. त्यांच्या आयांनी दाखविलेल्या उतारावरच त्या चरत राहत, आणि संध्याकाळपर्यंत नव्या मेंढपाळाची गाडी त्या दाराशी येऊन लागे.